अतिउजव्यांचा ‘बाहेरून पाठिंबा’ : युरोपात तो घेतात कसा, आणि अंगलट कुठे येतो?

गोदाकाठ_नांदेड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एम.ए. द्वितीय वर्षाच्या तौलनिक राजकारणाच्या सेमिनारसाठी एक तक्ता करायचा आहे. विषय असा, की युरोपातले मुख्य प्रवाहातले उजवे पक्ष, म्हणजे पुराणमतवादी, ख्रिश्चन डेमोक्रॅट वगैरे, अतिउजव्यांशी हातमिळवणी करतात ती कशी. पोरं तक्त्यात दोनच रकाने पाडतात, ‘युती केली’ आणि ‘केली नाही’. ऑस्ट्रिया त्यात नीट बसतो, पण स्वीडन कुठं टाकायचा यावर वर्ग अडतो. तिथं स्वीडन डेमोक्रॅट्स या अतिउजव्या पक्षाचा एकही मंत्री नाही, तरी २०२२ पासूनचं सरकार त्यांच्याच मतांवर उभं राहिलं. जर्मनीतल्या थुरिंगियात तर युती नव्हती, करार नव्हता, आणि तरी एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या मतांनी मुख्यमंत्री निवडून आला!

तीन गोष्टी अडल्यात. ‘सहकार्य’ मोजायचं कशावरून? थुरिंगियासारखं प्रकरण प्रत्यक्ष मतदानात घडतं कसं, पायरी पायरीनं? आणि अतिउजव्यांकडून अटी लिहून घेतल्या तर त्या टिकतात का?

आकडे आणि तारखा पाहिजेत. ‘हिटलर परत आला’ छाप भाषणं नकोत, आणि कृपा करून आपल्या इकडच्या पक्षांची नावं घेऊन धाग्याचा आखाडा करू नका.

मांजराकाठ (लातूर)

सर, ‘युती केली का’ हे सगळ्यात शेवटी विचारायचं. आधी बघायचं, की सरकार उभं राहायला किती मतं लागतात आणि त्यातून अतिउजव्यांची वजा केली तर उरतात किती. तिथून सुरुवात केली की स्वीडन आपोआप जागेवर बसतो.

स्वीडनची संसद ३४९ जणांची. तिथं पंतप्रधानाला बहुमत मिळवावं लागत नाही, फक्त विरोधात १७५ मतं पडली नाहीत म्हणजे झालं. जो तटस्थ बसला त्याचा फायदा सरकारलाच. अल्पमतातली सरकारं चालावीत म्हणून ही सोय.

या सोयीला पहिला सुरुंग डिसेंबर २०१४ मध्ये लागला, आणि तो अर्थसंकल्पाच्या बाजूनं. तिथला रिवाज असा, की प्रत्येक गट आपला मसुदा मांडतो, तो पडला की उरलेल्या दोघांच्या भांडणात तटस्थ राहतो. म्हणजे अल्पमतातल्या सगळ्यात मोठ्या गटाचा अर्थसंकल्प निघून जातो. ३ डिसेंबरला स्वीडन डेमोक्रॅट्सनी आपला मसुदा पडल्यावर गप्प न बसता उजव्या आघाडीच्या मसुद्याला मतं दिली. सोशल डेमोक्रॅट लोव्हेन यांचं सरकार येऊन दोनच महिने झाले होते आणि त्यांच्यावर विरोधकांचा अर्थसंकल्प राबवायची वेळ आली. उजव्या आघाडीनं हा पाठिंबा मागितला नव्हता. मतं आपली आपण चालून आली.

त्यावर उपाय म्हणून २७ डिसेंबरला दोन्ही बाजूंच्या मुख्य पक्षांनी आपसात करार केला. ज्याचा गट मोठा त्याचा अर्थसंकल्प दुसऱ्यानं पाडायचा नाही, अतिउजव्यांना मध्ये येऊ द्यायचं नाही. त्यानं वर्षही काढलं नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट्स बाहेर पडले आणि करार बुडाला.

आता २०२२ च्या जागा : स्वीडन डेमोक्रॅट्स ७३, मॉडरेट ६८, ख्रिश्चन डेमोक्रॅट्स १९, लिबरल १६. बेरीज १७६, समोर १७३. मॉडरेटचे उल्फ क्रिस्टरसन १७ ऑक्टोबरला याच फरकानं पंतप्रधान झाले. पण बघा, ७३ वाला बाहेर बसला आणि १६ वाला मंत्रिमंडळात! कारण लिबरलांनी बजावून ठेवलं होतं, की स्वीडन डेमोक्रॅट्सचे मंत्री असतील तर आम्ही नाही. १७६ मधून १६ गेले की १६० उरतात. छोट्याच्या हातात तेवढीच किल्ली होती जेवढी मोठ्याच्या.

आणि बाहेर बसले म्हणजे नुसते हात वर करायला ठेवलेत असं समजू नका. १४ ऑक्टोबरचा तो तिडो करार (तिडो हा एक जुना वाडा, बैठका तिथं झाल्या). गुन्हेगारी, स्थलांतर, ऊर्जा, शाळा असे विषय त्यात धरले आणि सरकारी कचेरीतच स्वीडन डेमोक्रॅट्सचं स्वतःचं समन्वय कार्यालय बसवलं. करारातल्या विषयाचा मसुदा संसदेत जायच्या आधी त्यांच्या माणसाच्या टेबलावरून जातो. म्हणून तक्त्यात ‘मंत्री किती’ याच्या शेजारी ‘फाइल कुणाच्या टेबलावरून जाते’ असा रकाना पाडा. मंत्रिपद नसलं तरी शेरा मारता येतो, हे पंचायत समितीचं कामकाज बघितलेल्या पोरांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

डेन्मार्कमध्ये २००१ ते २०११ हेच होतं. डॅनिश पीपल्स पार्टी दहा वर्षं बाहेर, सरकार उजव्यांचं, आणि दर वर्षी अर्थसंकल्पाच्या वेळी स्थलांतराचे नियम एकेक आटा आवळून घ्यायचे. फिनलंडमध्ये २०२३ पासून सरळ मंत्रिमंडळात. इटलीचं प्रकरण निराळं, तिथं १९९४ ला बर्लुस्कोनींनी ज्यांना मांडीवर घेतलं त्यांचेच वारसदार २०२२ ला घराचे मालक झाले. आणि नुसती भाषा किंवा विषय उचलणं याला सहकार्य म्हणू नका, नाहीतर तक्त्यात सगळा युरोप भरावा लागेल.

उदगीरचा

थुरिंगिया मी लिहितो, कारण यावर मराठीत जे थोडंफार आलंय त्यात ‘सीडीयूनं (तिथले ख्रिश्चन डेमोक्रॅट) एएफडीशी युती केली’ असं ठोकून दिलेलं असतं. तसं नाही. जे झालं ते त्याहून बारकाईनं बघण्यासारखं आहे.

तारीख ५ फेब्रुवारी २०२०, ठिकाण राज्याची राजधानी एरफुर्ट. सभागृह ९० जणांचं. डावा पक्ष २९, एएफडी २२, सीडीयू २१, एसपीडी (सोशल डेमोक्रॅट) ८, ग्रीन ५, एफडीपी (उदारमतवादी) ५. यातल्या एफडीपीनं पाच टक्क्यांची अट फक्त ७३ मतांनी पार केली होती. ती ७३ मतं नसती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. डाव्या पक्षाचे बोडो रामेलो मावळते मुख्यमंत्री, त्यांची आघाडी (डावा पक्ष, एसपीडी, ग्रीन) ४२ ची.

मतदान गुप्त. पहिल्या दोन फेऱ्यांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, म्हणजे ४६. तिसऱ्या फेरीत ज्याला जास्त तो निवडून. आणि फेरीगणिक नवा उमेदवार आणता येतो, खाच आहे ती इथं. पहिल्या दोन फेऱ्यांत रामेलोंसमोर फक्त एएफडीनं उभा केलेला एक माणूस होता, कुठल्याशा छोट्या गावचा सरपंच, पक्षाचा सदस्यही नाही. दोन्ही फेऱ्या वाया गेल्या. तिसऱ्या फेरीला एफडीपीनं थॉमस केमरिश यांना उतरवलं, म्हणजे आता मधला माणूस आला. एएफडीनं आपला उमेदवार मागे घेतला नाही. यादीत तसाच ठेवला आणि त्याला शून्य मतं दिली. केमरिश ४५, रामेलो ४४, एक तटस्थ.

आपला माणूस रिंगणात ठेवून मतं दुसऱ्याला द्यायची. बाजार समितीच्या निवडणुकीत डमी उभा करतात तो प्रकार, फक्त इथं मतदारच नव्वद.

नंतर सीडीयूचं म्हणणं असं, की आम्ही मधल्या उमेदवाराला मत दिलं, एएफडी काय करणार ते आमच्या हातात नव्हतं. हे वर्गात गणितानंच तपासा. सीडीयूचे २१ जण तिसऱ्या फेरीत तटस्थ राहिले असते, तर केमरिश यांच्याकडं एफडीपीची ५ आणि एएफडीची २२, म्हणजे २७. रामेलो नुसत्या आपल्या ४२ वर निवडून आले असते. विरोधकाला मत द्यायची गरज नव्हती, नुसतं बसून राहणं पुरेसं होतं. आणि महिन्याभरानं, ४ मार्चला, त्यांनी तेच केलं. सीडीयू तटस्थ, रामेलो परत मुख्यमंत्री. मधल्या काळात केमरिश यांनी दुसऱ्याच दिवशी पायउतार होण्याची घोषणा केली, आणि १० फेब्रुवारीला सीडीयूच्या अध्यक्षा क्राम्प-कारेनबाउअर यांनीही पद सोडत असल्याचं सांगितलं. एका राज्याच्या तिसऱ्या फेरीनं देशाचा पक्षाध्यक्ष घालवला.

आपल्याकडं जि.प. अध्यक्षाची निवड हात उंचावून होते. व्हीप असतो, १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा डोक्यावर असतो. सदस्य सहलीवरून थेट सभागृहात उतरले तरी कुणाचा हात कुठं गेला ते कॅमेऱ्यात येतं. जर्मनीत पक्षांतरबंदी नाही आणि ही निवड गुप्त. त्यामुळे ‘कुणी कुणाला मत दिलं’ हे फक्त बेरजेवरून काढावं लागतं. पोरांना हा फरक आधी सांगा, नाहीतर ते विचारत बसतील की यांच्यावर कारवाई का नाही झाली.

एक जोडून. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून तेव्हाच्या चॅन्सेलर (पंतप्रधान) मर्केल यांनी हा निकाल अक्षम्य असल्याचं म्हटलं होतं. एएफडी त्यावर कोर्टात गेली आणि जून २०२२ मध्ये घटना न्यायालयानं एएफडीच्या बाजूनं निकाल दिला. चॅन्सेलर म्हणून बोलताना त्यांनी पक्षांना समान संधीचं तत्त्व मोडलं म्हणून.

दुधना_जालना

वरच्यात भर. ‘ठराव’ आणि ‘विधेयक’ वेगळे रकाने करा.

२९ जानेवारी २०२५ ला बुंडेस्टागमध्ये (जर्मन संसद) सीडीयूचे अध्यक्ष, तेव्हा विरोधात असलेले मेर्झ यांचा स्थलांतरावरचा पाच कलमी ठराव ३४८ विरुद्ध ३४५ नं मंजूर झाला, १० तटस्थ. एएफडीच्या मतांशिवाय तो पडला असता. पण तो नुसता ठराव, सरकारवर बंधनकारक नाही. दोनच दिवसांनी, ३१ तारखेला, त्याच विषयावरचं विधेयक आलं, ज्याचा कायदा झाला असता. बाजूनं ३३८ मतं, विधेयक पडलं. मेर्झ यांच्या स्वतःच्या गटातल्या १२ जणांनी मतदानच केलं नाही.

सीडीयूचा डिसेंबर २०१८ चा हॅम्बर्ग अधिवेशनातला ठराव एएफडीशी आणि डाव्या पक्षाशी युती आणि ‘युतीसारखं सहकार्य’ दोन्ही नाकारतो. मतं एकाच बाजूला पडणं त्यात बसतं की नाही, यावर पक्षातच दोन तट. भिंत बांधली, पण खिडकीबद्दल काही लिहिलं नाही, असं ते झालंय. थुरिंगियात सप्टेंबर २०२३ ला घर-जमीन खरेदीवरचा कर ६.५ वरून ५ टक्क्यांवर आणणारं सीडीयूचं विधेयक एएफडी आणि एफडीपीच्या मतांवर मंजूर झालं, ते याच खिडकीतून.

नळदुर्ग८७

सगळे एकाच बाजूची उदाहरणं द्यायलेत. ऑस्ट्रियाचे वोल्फगांग श्युसेल कुणालाच आठवले नाहीत का?

ऑक्टोबर १९९९ ला त्यांचा ओव्हीपी (ख्रिश्चन डेमोक्रॅट) तिसऱ्या नंबरवर गेला, दुसऱ्या नंबरच्या अतिउजव्या एफपीओपेक्षा ४१५ मतांनी मागे. दोघांनाही २६.९ टक्के. ४ फेब्रुवारी २००० ला हायडर यांच्या एफपीओला घेऊन श्युसेल चॅन्सेलर झाले. युरोपीय संघाच्या बाकीच्या १४ सदस्यदेशांनी ऑस्ट्रियाशी द्विपक्षीय संबंध गोठवले आणि सप्टेंबरमध्ये गपगुमान मोकळेही केले. सत्तेत आल्यावर एफपीओची आतून शकलं व्हायला लागली. सप्टेंबर २००२ ला क्निटेलफेल्डच्या बैठकीत बंडाळी, मंत्र्यांचे राजीनामे, श्युसेलनी लगेच निवडणूक लावली. नोव्हेंबरमध्ये ओव्हीपी ४२.३ टक्के, एफपीओ १० वर. धृतराष्ट्राच्या मिठीत घेऊन चुरा केला की नाही? सत्ता दिली की अतिउजवे उघडे पडतात, हा मुद्दा तक्त्यात आलाच पाहिजे.

बिंदुसरा (बीड)

नळदुर्गभाऊ, उपमा झकास, पण गोष्ट पूर्ण सांगा की. धृतराष्ट्रानं चुरडला तो लोखंडी पुतळा होता. भीम बाजूला सुखरूप उभा होता.

२००५ ला हायडर आणि मंत्री मंडळी बाहेर पडून नवा पक्ष काढून बसली. श्युसेलच्या मिठीत होते ते हे. मूळ एफपीओ श्ट्राखे यांच्याकडं गेला, विरोधात बसला, २०१७ ला २६ टक्क्यांवर आला आणि सप्टेंबर २०२४ ला २८.८ टक्के घेऊन पहिला. ओव्हीपी २६.३. म्हणजे पाव शतकानं हिशोब उलटा झाला.

पण तुमच्या उदाहरणात एक खरी गोष्ट आहे आणि ती तुम्हीच सांगितली नाही. २००० साली गृहखातं ओव्हीपीनं स्वतःकडं ठेवलं होतं. २०१७ ला सेबास्टियन कुर्झ यांनी ते एफपीओला दिलं, संरक्षणही दिलं. राष्ट्राध्यक्ष व्हान डर बेलेन यांची एक अट अशी, की गृह आणि न्याय ही दोन्ही एकाच वेळी एफपीओकडं नकोत.

गृहमंत्री झाले हर्बर्ट किकल. २८ फेब्रुवारी २०१८ ला देशाच्या गुप्तवार्ता संस्थेवरच पोलिसांचा छापा. संगणक, कागदपत्रं उचलून नेली, त्यात अतिउजव्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागप्रमुखाचंही दफ्तर. छाप्याला रस्त्यावरच्या गुन्हेगारीसाठीची पोलिस तुकडी वापरली, तिचा प्रमुख एफपीओचा माणूस. नंतर व्हिएन्नाच्या वरिष्ठ न्यायालयानं त्या झडत्या बहुतांशी बेकायदेशीर ठरवल्या. बाहेरच्या देशांच्या गुप्तचर संस्थांनी ऑस्ट्रियाला माहिती देताना हात आखडता घेतला. खातं हातात येऊन दहा आठवडे झाले होते.

मे २०१९ ला इबिझाचा व्हिडिओ फुटला (श्ट्राखे सरकारी कंत्राटांचं आमिष दाखवताना चोरून टिपलेले), श्ट्राखे गेले. कुर्झ यांनी काय मागितलं? किकल यांना गृहखात्यातून काढा. त्यावर एफपीओचे सगळे मंत्री बाहेर. २७ मे ला अविश्वास ठराव मंजूर होऊन कुर्झ यांचंही सरकार गेलं. आणि २०२५ च्या जानेवारीत किकल स्वतः चॅन्सेलरपदासाठी वाटाघाटी करत होते, त्या १२ फेब्रुवारीला फिसकटल्या. मोठा अडसर परत गृहखातं! ओव्हीपी एकदा पोळली होती.

सर हिटलरचं भाषण नको म्हणाले, म्हणून भाषण करत नाही, फक्त खातेवाटप सांगतो. जानेवारी १९३० ला याच थुरिंगियात उजव्या पक्षांच्या सरकारात पहिला नाझी मंत्री आला, विल्हेल्म फ्रिक. त्यांनी मागून घेतलेली खाती दोन : गृह आणि शिक्षण. अर्थ नाही, बांधकाम नाही.

तेव्हा रकाना असा पाडा : गृहखातं कुणाकडं.

संपादक मंडळ

नळदुर्ग८७ यांच्या वरील प्रतिसादाखालचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. महाराष्ट्रातील आघाड्यांसाठी वेगळा धागा काढावा.

गोदाकाठ_नांदेड

संपादक, आभार. बिंदुसरा, गृहखात्याचा रकाना पाडला. नळदुर्ग८७ यांचा मुद्दाही ठेवतो, दोन्ही बाजू पोरांसमोर आल्या पाहिजेत.

तिसरा प्रश्न तसाच राहिलाय. लिहून घेतलेल्या अटींचं काय? नेदरलँड्समध्ये बरंच लिखापढी झाली म्हणतात.

तेरणा_धाराशिव

नेदरलँड्सला दोन प्रयोग झाले, ते शेजारी शेजारी ठेवा. पक्ष तोच, विल्डर्स यांचा पीव्हीव्ही. या पक्षाचा अधिकृत सदस्य एकच आहे, स्वतः विल्डर्स. अधिवेशन नाही, कार्यकारिणी नाही. म्हणजे करार मोडायच्या आधी पक्षात कुणी अडवेल ही आशाच नको. श्युसेलनी एफपीओत भांडण लागलेलं पाहिलं, तसं इथं लागूच शकत नाही.

पहिला प्रयोग २०१० चा. व्हीव्हीडी (उजवे उदारमतवादी) ३१, सीडीए (ख्रिश्चन डेमोक्रॅट) २१, मिळून ५२. पीव्हीव्ही २४ बाहेरून. एकूण ७६, सभागृह १५० चं. एका मताचं बहुमत! करारात चक्क लिहिलं होतं, की इस्लामबद्दल आमचं एकमत नाही. हे दोघं त्याला धर्म मानतात, पीव्हीव्ही राजकीय विचारसरणी मानतो, आणि या मतभेदासह आम्ही काम करणार. लोकांना वाटलं मोडेल तर यावरून मोडेल. मोडलं कशावरून? वित्तीय तुटीवरून. युरोपीय संघाची ३ टक्क्यांची मर्यादा पाळायला काटछाट हवी होती, सात आठवडे बैठका चालल्या आणि २१ एप्रिल २०१२ ला विल्डर्स उठून गेले. बाहेरून पाठिंबा देणाऱ्याला लोकांचे शिव्याशाप घ्यायचं काहीच कारण नसतं. मिरवायचे निर्णय असतात तेव्हा तो सोबत, खिशाला चाट बसायची वेळ आली की तो दाराबाहेर. देवेगौडा-गुजरालांच्या सरकारांचं ज्यांना आठवतंय त्यांना हे नवीन नाही (संपादक, हे महाराष्ट्राबाहेरचं आहे, उडवू नका).

दुसरा प्रयोग २०२३ चा. दार आधी उघडलं व्हीव्हीडीनं. पीव्हीव्हीशी युती नाहीच, ही व्हीव्हीडीचे आधीचे नेते रुटे यांची भूमिका नव्या नेत्या येशिलग्योझ यांनी ऑगस्टमध्ये सैल केली. आता पीव्हीव्हीला दिलेलं मत वाया जाणार नाही म्हटल्यावर नोव्हेंबरमध्ये पीव्हीव्ही ३७ जागांसह पहिला आणि व्हीव्हीडी २४ वर. मग अटी सुरू. खातेवाटपाच्या आधी घटना आणि कायद्याच्या राज्याबद्दल वेगळी बोलणी. जानेवारी २०२४ ला विल्डर्सनी मशिदी आणि कुराणावर बंदीचं विधेयक धरून तीन विधेयकं मागे घेतली. मार्चमध्ये पंतप्रधानपदावरचा दावा सोडला. गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख डिक स्खोफ यांना, कोणत्याच पक्षाचे नसताना, पंतप्रधान केलं. चारही पक्षनेते मंत्रिमंडळाबाहेर संसदेत बसले. ३७ + २४ + एनएससी (नवा मध्यममार्गी पक्ष) २० + बीबीबी (शेतकऱ्यांचा पक्ष) ७ = ८८.

अटी टिकल्या का? एक टिकली. पीव्हीव्हीच्या मंत्र्यांना आश्रय मागायला येणाऱ्यांच्या प्रश्नावर आणीबाणीचा कायदा लावून संसदेला वळसा घालायचा होता. एनएससीनं नाही म्हटलं आणि ऑक्टोबर २०२४ ला तो बेत गुंडाळावा लागला. कारण परत वजाबाकी : ८८ मधून २० गेले की ६८, आणि लागतात ७६. कलम टिकलं ते कागदावर होतं म्हणून नव्हे, त्या कलमामागं वीस माणसं होती म्हणून.

पण सरकार टिकलं नाही. मे २०२५ अखेर विल्डर्सनी दहा मुद्द्यांची नवी यादी पुढं केली, बाकीच्यांनी सह्या केल्या नाहीत, ३ जूनला पाठिंबा काढला. अकरा महिने. २९ ऑक्टोबरच्या निवडणुकीत पीव्हीव्ही ३७ वरून २६. आणि अटींवर पहारा देणारा एनएससी २० वरून शून्य. अटी कोण पाळायला लावतो आणि त्याचं पुढं काय होतं, असा रकाना पाडला तर तो पोरांच्या लक्षात राहील.

नळदुर्ग८७

बिंदुसरा, लोखंडी पुतळा मान्य. पण तेरणाचं उदाहरण माझ्याच बाजूला जातं, ३७ वरून २६ झालेच ना!

तेरणा_धाराशिव

झाले. आणि ज्यांनी सोबत घेतलं ते तिघं मिळून ५१ वरून २६ वर आले. पीव्हीव्हीचं तीन दशांश घर पडलं, सोबत्यांचं निम्मं.

मांजराकाठ (लातूर)

सर, तक्ता बंद करायच्या आधी दोन नोंदी राहतात.

एक स्पेनची. वरच्या सगळ्या उदाहरणांत अतिउजवे आले की बेरीज वाढते. स्पेनमध्ये वाढूनही कमी पडली. जुलै २०२३ ला पीपी (मुख्य उजवा पक्ष) १३७, व्हॉक्स (अतिउजवा) ३३, नवारा आणि कॅनरी बेटांचा एकेक, एकूण १७२. पाहिजेत १७६. म्हणजे चारच कमी. बास्क राष्ट्रवाद्यांकडं ५ होते आणि तो काही डावा पक्ष नव्हे. पण प्रादेशिक स्वायत्तता मोडा म्हणणारा व्हॉक्स ज्या पंगतीत, तिथं ते बसणार कसे? पीपीचे नेते फेइहो १७२ विरुद्ध १७८ नं हरले. ३३ घेतले आणि ५ चं दार बंद झालं. शिवाय प्रांतांमधली युती जुलै २०२४ ला व्हॉक्सनं स्वतःच मोडली, एकट्यानं आलेल्या अल्पवयीन स्थलांतरितांना प्रांतांत वाटून घ्यायला पीपी तयार झाला म्हणून. तक्त्यात ‘आणखी कुणाबरोबर जाता येत होतं’ हा रकाना यासाठी लागतो. श्युसेलकडं दुसरं दार होतं, २००२ नंतर ते ग्रीनशीही बोलून आले. फेइहोंनी ते आधीच लावून घेतलं होतं.

दुसरी नोंद उलट बाजूची, बेल्जियमची. साथीत गावाला घालतात तसं कडं व्लाम्स बेलांग या अतिउजव्या पक्षाभोवती १९८९ पासून आहे, म्हणजे त्यांच्याशी कुणी युती करायची नाही. निनोव्हे नावाचं गाव बघा. २०१८ च्या नगरपालिकेत त्यांच्या स्थानिक यादीला ३५ पैकी १५ जागा, बाकीच्यांनी एकत्र येऊन बाहेर ठेवलं. २०२४ ला १८. तिथं कडं घालायला कुणी उरलंच नाही. थुरिंगियातही २०२४ नंतर ८८ पैकी ३२ एएफडीचे. सत्तेत नाहीत, पण दोन तृतीयांश जिथं लागतं, उदाहरणार्थ न्यायाधीश निवडणारी समिती, तिथं त्यांच्याशिवाय पान हलत नाही. बाहेर ठेवणंही एका आकड्यापर्यंतच चालतं.

युरोपीय संसद घेतलीत तर २०२४ च्या सुरुवातीच्या जागा घ्या : ७२० पैकी ईपीपी (ख्रिश्चन डेमोक्रॅट वगैरे मुख्य उजव्यांचा गट) १८८, आणि उजवीकडचे तीन गट ८४, ७८, २५. बेरीज ३७५, लागतात ३६१. करार कुठंही नाही, विषय आला की मतं तिकडून घ्यायची. १३ नोव्हेंबर २०२५ ला कंपन्यांवरच्या पर्यावरण आणि मानवी हक्कांच्या जबाबदाऱ्या सैल करणारं मतदान ३८२ नं असंच झालं.

आणि पोरांना एवढं बजावून सांगा : १७६ हा आकडा दोनदा येतो. स्वीडनमध्ये ती मिळालेली मतं आहेत आणि सभागृह ३४९ चं. स्पेनमध्ये ते लागणारं बहुमत आहे आणि सभागृह ३५० चं. पेपरात हमखास उलटं लिहितात.